सेफॅलोस्पोरिन देणाऱ्या बुरशीचे जनुकीय रूपांतरण

सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे सांडपाणी समुद्रास मिळते त्या जागी जुझेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये ॲक्रेमोनियम ही बुरशी सापडली; सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांचा उगम तोच. पुढे अनेक वर्षे उत्परिवर्तने घडवून तिचे उत्पादन वाढविण्यात आले. ते बरेचसे अंधारात चाचपडणेच होते. १९८९ मध्ये एली लिली कंपनीच्या संशोधकांनी नेमका अडथळा हेरला. औद्योगिक वाणात पेनिसिलिन-एन साचून राहत असे, कारण त्याचे पुढील रूपांतर करणारे विकर अपुरे पडे. पेशीभित्तिका विरघळवून, उघड्या पडलेल्या पेशींत या विकराच्या जनुकाची जादा प्रत घालण्यात आली. ती गुणसूत्रांत कोठे बसेल, हे मात्र दैवाधीन. पथदर्शी संयंत्रात उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. आकडा लहान भासतो, पण टनावारी तयार होणाऱ्या औषधात तो मुळीच लहान नव्हे.