डिरेक्टरी सर्व्हर : आपत्तीनंतरची पुनःस्थापना

डिरेक्टरी सर्व्हर, आपत्तीनंतरची पुनःस्थापना : कंपनीच्या नेटवर्कवरील प्रत्येक कर्मचारी, संगणक व प्रिंटर यांची नोंद, त्यांचे पासवर्ड आणि कोणास कोठवर मुभा आहे याचा तपशील ज्या सर्व्हरवर असतो, तो निकामी अथवा दूषित झाल्यास कोणत्या क्रमाने, कोणाच्या हुकुमाने व किती मुदतीत पुन्हा उभा करावयाचा, याची आगाऊ करून ठेवलेली लेखी तजवीज. अशा निर्देशिकांसाठीचे एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये सिद्ध झाले. त्याचे सुटसुटीत रूप असलेला एलडॅप हा संकेत १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पुढे आला. आणि विंडोज २००० बरोबर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीने तो कचेऱ्याकचेऱ्यांत नेला. या व्यवस्थेत निर्देशिका सांभाळणाऱ्या सर्व्हरास डोमेन कंट्रोलर म्हणतात, व प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यासंबंधी आहे.

हा सर्व्हर बंद पडला म्हणजे त्यावरील माहितीच तेवढी अडते असे नव्हे; मेल, पगारपत्रक, गोदामाचा हिशेब, इतकेच काय, पुष्कळदा बॅकअप घेणारा संगणकही लॉगिनची परवानगी त्याच्याकडेच मागत असल्यामुळे, बाकीची यंत्रे धडधाकट असूनही सारा कारभार खोळंबतो. म्हणून एकाऐवजी अनेक कंट्रोलर ठेवून एकावरील फेरफार आपोआप इतरांवर उतरविण्याचा प्रघात आहे. यंत्र जळाले, डिस्क गेली, तर हा बंदोबस्त पुरतो. परंतु चूक आणि घातपात यांपुढे तोच अंगाशी येतो, कारण चुकून खोडलेली नोंद तितक्याच इमानाने सर्व प्रतींतून खोडली जाते. प्रती पुष्कळ म्हणजे निर्देशिका सुरक्षित, हा समज या क्षेत्रात फार चिवट आहे.

तो किती महाग पडतो याचा दाखला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच मिळाला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला नॉटपेट्या हा संहारक प्रोग्राम डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला, आणि तिच्या बंदर-शाखेकडून चालविले जाणारे न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्या तडाख्यात सापडून तेथील कंटेनरांची उलाढाल ठप्प झाली. मर्स्कचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती बाळगून होते. ते जवळजवळ एकाच वेळी पुसले गेले. इतर बहुतेक सर्व्हरांचे बॅकअप सापडले, निर्देशिकेचा मात्र कोठेच सापडेना. अखेर घाना येथील कचेरीतला एकच कंट्रोलर शाबूत निघाला, तोही अशासाठी की हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती व तो नेटवर्कपासून तुटला होता. तेथून ती माहिती तारेने इंग्लंडात पाठविण्यास दिवसचे दिवस लागले असते. तेथील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकाने विमानाने नायजेरियात जाऊन विमानतळावरच ती हार्ड डिस्क दुसऱ्याच्या स्वाधीन केली, आणि तिने इंग्लंडातील मेडनहेडची कचेरी गाठली. १० दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचे धरले गेले. या धावपळीची वाहवा झाली ती योग्यच. पण एवढ्या मोठ्या व्यापाराची निर्देशिका परमुलखातील एका वीजखंडाच्या मेहेरबानीवर तगली, याला तजवीज म्हणता येत नाही.

वीज जाणे म्हणजे काय, हे राहू बेटात कोणास सांगावयास नको. मुळा-मुठा व भीमा यांच्या बेचक्यातील हा ऊस आणि गुऱ्हाळांचा मुलूख. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यात रांजणगावची, तर इकडे दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. अशा टापूतील मध्यम कारखान्याने दोन कंट्रोलर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर ठेवणे म्हणजे दोन असल्याचे नुसते समाधान. एक कारखान्यात, दुसरा पुण्याच्या कचेरीत अथवा क्लाउडवर, आणि तिसरी प्रत नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर कुलपात, अशी विभागणी असावी. त्यातही पुण्याची जागा नदीकाठची नको : १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या पेठांत शिरलेली मुठा पुढे मुळेला मिळून राहूच्या दक्षिणेकडूनच वाहते, तेव्हा दोन्ही प्रती एकाच नदीच्या हवाली होऊ नयेत.

बॅकअप घ्यावयाचा तो संपूर्ण सिस्टम स्टेटचा. डेटाबेसची एकटी फाइल उचलून ठेवल्याने काम भागत नाही. त्यालाही मुदत आहे : खोडलेल्या नोंदीची खूण हल्लीच्या मांडणीत साधारणतः १८० दिवस जपली जाते, आणि त्याहून जुना बॅकअप चढविल्यास रद्द झालेल्या नोंदी पुन्हा हजर होतात, म्हणून तो बाद समजावा. कंट्रोलरला दुरुस्तीच्या अवस्थेत चालू करण्याचा पासवर्ड निराळा असतो. तो सर्व्हर मांडताना एकदा दिला जातो व बहुधा तेव्हाच विसरला जातो, यास्तव तो कागदावर लिहून, लखोट्यात मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावा. सर्वच कंट्रोलर दूषित झाल्यास प्रथम एकच, तोही अलग नेटवर्कवर उभा करून, डीएनएस सुरळीत करावा, घड्याळ जुळवावे (५ मिनिटांहून अधिक फरक पडल्यास ओळख पटवून लॉगिनची तिकिटे देणारी कर्बेरॉस ही पद्धत लॉगिन नाकारते), एरवी एकेकाच कंट्रोलरकडे असणारे पाचही विशेष अधिकार त्याच्याकडे घ्यावेत आणि नष्ट झालेल्या कंट्रोलरांची नावे निर्देशिकेतून काढावीत. या तिकिटांवर शिक्का मारणाऱ्या केआरबीटीजीटी या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण मागचा पासवर्डही ग्राह्य धरला जात असल्याने, एकदाच बदलून चोरलेली किल्ली निरुपयोगी होत नाही.

ही सर्व रीत वर्षातून निदान एकदा अलग नेटवर्कवर प्रत्यक्ष करून पाहावी व लागलेला वेळ नोंदवावा. ज्यावरून पुनःस्थापना झालेली नाही असा बॅकअप ताळेबंदात धरू नये. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर हल्ल्याची वर्दी तो लक्षात आल्यापासून ६ तासांत द्यावी लागते. ती कोणी द्यावयाची त्याचे नाव व संबंधितांचे दूरध्वनी क्रमांक छापील प्रतीत असावेत, कारण त्या घटकेला कंपनीचा मेल आणि संपर्कयादी ही दोन्ही त्याच बंद सर्व्हरामागे अडकलेली असतात.