नळीच्या तोंडाशी

'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळातल्या एम-४१६ रायफलीला पाच ठिकाणी जोड लावता येतात: नळीच्या तोंडाला, पुढच्या मुठीला, मॅगझिनला, दस्त्याला आणि वर दुर्बिणीच्या जागी. जोड म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत अटॅचमेंट. जळगावात कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला हे सगळे समजावून दिले. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ या नव्या नावाने परतला. मधले दहा महिने या मुलांनी कसे काढले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पाचांपैकी मला गुंतवून ठेवले ते नळीच्या तोंडाने. तिथे तीनपैकी एकच वस्तू बसते. कॉम्पेन्सेटर लावला तर गोळीबारात नळी उसळत नाही, नेम टिकतो; पण आवाज आणि जाळ दोन्ही शत्रूला कळतात. फ्लॅश हायडर जाळ लपवतो आणि उसळी थोडी कमी करतो. सप्रेसर, म्हणजे आपला सायलेन्सर, आवाजही दडवतो आणि जाळही, पण नळीची उसळी तशीच राहते. दिसायचे नाही की चुकायचे नाही, यांतले एक निवडायचे. पडद्यावर ही निवड दोन सेकंदांत होते आणि ती सर्वस्वी खेळणाऱ्याची असते. खानदेशात हत्याराच्या टोकाला काय असावे हे आजवर कोणी ठरवले, असा प्रश्न मला त्यावरून पडला.

सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकामठा घ्या. धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच कामटीची. जुन्या इंग्रजी वर्णनांत या हत्याराबद्दल कुतूहल आहे, थोडी भीतीही आहे. बाणाची काडी सारखीच, पण टोके वेगळी. काहींना सुरीसारखे चपटे, धार लावलेले पाते. काहींना खिळ्यासारखा गोल अणकुचीदार लोखंडी तुकडा. आणि पाखरे पाडायचे बाण तर टोकाला चक्क बोथट, गाठीसारखे, म्हणजे मांस फाटू नये. भात्यातून कोणता बाण काढायचा हे समोर काय आहे ते पाहून ठरे, आणि ठरवणारा स्वतः धनुर्धारीच असे. माझ्या मते अटॅचमेंट निवडण्याचा खानदेशातला जुना प्रकार हाच.

तिरकामठ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याला आवाज जवळजवळ नाही आणि जाळ तर नाहीच. आज बंदुकीला वेगळा जोड लावून जे मिळवावे लागते, ते त्याच्यात मुळातच आहे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू तयार झाली. त्याआधी काळ्या दारूची बंदूक झाडली की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि झाडणारा कुठे आहे ते सगळ्या खोऱ्याला कळे. घाटातल्या झाडीत बसलेला तिरंदाज मात्र दिसतही नसे आणि ऐकूही येत नसे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याहून कारभार सुरू केला आणि डोंगरातल्या भिल्लांना आवरणे ही त्यांची पहिली डोकेदुखी ठरली. नुसत्या फौजेने काम भागत नाही असे दिसल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी भिल्लांचीच एक पलटण उभारली, खानदेश भिल्ल कोअर. तिचे ठाणे धरणगावला होते. या पलटणीचे कौतुक इंग्रजी ग्रंथांत पुष्कळ आहे. त्यात आउट्रम यांच्या शिकारीच्या गोष्टीच जास्त. मला महत्त्वाचा वाटतो तो एक साधा बदल: ज्याच्या भात्यात स्वतः निवडलेली टोके होती, तो आता सरकार देईल ते हत्यार खांद्यावर घेऊन कवायत करू लागला. शिपायाला निवड नसते. सगळे भिल्ल अर्थात पलटणीत गेले नाहीत. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात उठाव केला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली.

पुढे वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. त्यातली 'हत्यार' या शब्दाची व्याख्या सावकाश वाचण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले एवढ्यावर ती थांबत नाही. भाल्यांची नुसती पाती तिच्यात आहेत, धनुष्यबाण आहेत, तोफा आहेत आणि हत्यारांचे सुटे भागही आहेत. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाला लावायचा सगळ्यांत जुना जोड. तो आणि भिल्लाचा बाण एकाच वाक्यात आले. सुटा भाग म्हणजेच हत्यार, हे तत्त्व तिथे कागदावर पक्के झाले.

सायलेन्सर तेव्हा बाजारात आलेला नव्हता. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला त्याचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा; बापाने जगाला बंदुकीचा खडखडाट दिला आणि मुलगा तो मिटवायला निघाला. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला, तेव्हा त्यात हा जोड आला. बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनवलेली वस्तू ही कायद्याने 'अग्निशस्त्र' या व्याख्येतच मोडते. म्हणजे भाचा ज्या तिघांतून एक निवडतो, त्यांतले सप्रेसर आणि फ्लॅश हायडर हे दोघे कायद्याच्या नजरेत स्वतःच बंदूक आहेत, मग ते टेबलावर सुटे का पडलेले असेनात. कॉम्पेन्सेटरचा त्या कलमात उल्लेख नाही. मला यात तर्क दिसतो. नेम सुधारणाऱ्या जोडाने मारणाऱ्याची सोय होते. आवाज आणि जाळ लपवणाऱ्या जोडाने मात्र बाकी सगळ्यांना मिळणारा इशाराच नाहीसा होतो. जंगलात बार झाला की पाडा जागा होतो, वनरक्षक कान टवकारतो. यावल अभयारण्यालगत राहणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

खेळातल्या एम-४१६ला ५.५६ मिलिमीटरची काडतुसे लागतात. भुसावळ तालुक्यातल्या वरणगावला १९६४ पासून लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना आहे आणि इन्सास रायफलीसाठी ५.५६चीच काडतुसे तिथे बनत आली आहेत. भुसावळचा १९४९चा कारखाना दारूगोळ्याच्या पेट्यांसाठी ओळखला जातो. वरणगावात वाढलेली कितीतरी मुले आज मोबाइलवर ही काडतुसे हिरव्या डब्यांतून उचलत असतील. त्यांच्यापैकी काहींचे वडील खरी काडतुसे करायला पाळीवर जात असतील.

त्या काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे गोळी हवा फाडत जाते तेव्हा चाबकासारखा कडाका उठतो. तो दारूच्या स्फोटाचा नसतो, खुद्द गोळीचा असतो. चांगल्यातला चांगला सायलेन्सर नळीतला दणका कमी करतो, पण नळीबाहेर गेलेल्या गोळीवर त्याचा काही इलाज चालत नाही. तिरकामठ्याचा बाण आवाजाहून कितीतरी सावकाश जातो.