एकाच घराची तीन आडनावे : शिरूर-दौंडमध्ये जुन्या नोंदी कशा शोधाव्यात?

आजोबांच्या दाखल्यावर 'ओहाळ', वडिलांच्या दाखल्यावर 'ओव्हाळ' आणि मुलीच्या आधार कार्डावर 'ओव्हळ'. शिरूर आणि दौंड तालुक्यांत जात पडताळणीसाठी समाजबांधवांना मदत करताना अशी घरे आम्हाला नेहमी भेटतात. घर एकच, पण कागदावर तीन दिसतात. बहुतेकांच्या हे लक्षात येते ते मुलांच्या प्रवेशाच्या तोंडावर. मग धावपळ होते. ती टाळण्यासाठी ही माहिती.

कोणता पुरावा लागतो?

महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव दिनांक आहे. त्याआधीचा, वडिलांकडील रक्तनात्यातल्या व्यक्तीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यामुळे १९५० पूर्वीच्या कागदावर 'बौद्ध' शोधू नये, तिथे 'महार' किंवा 'हिंदू महार' असेच असणार. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण पूर्वजांची जुनी नोंद दाखवावीच लागते.

आडनाव का बदलते?

पहिले कारण, अनेक जुन्या नोंदींत आडनावच नसते. 'अमुक वल्द तमुक महार' किंवा 'अमुक बिन तमुक' एवढेच असते. वल्द आणि बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. आडनावाच्या जागी जात लिहिलेली असते. भीमेकाठच्या कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावरही आपल्या शूरांच्या नावांना 'नाक' हा प्रत्यय दिसतो. ते आडनाव नव्हे.

दुसरे कारण, लिहिणारा. तलाठी किंवा गुरुजींनी जसे ऐकले तसे लिहिले. सोनवणे-सोनावणे असे फरक त्यातूनच पडले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नसत आणि अनुस्वार अनेकदा गळत असे, म्हणून कांबळेचे 'काबळे' वाचले जाऊ शकते. इंग्रजीत गायकवाड लिहिताना कुणी 'व्ही' वापरतो, कुणी 'डब्ल्यू'.

तिसरे कारण, आडनाव खरोखर बदललेले असते. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांची नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. आडनाव बदलले म्हणून घराणे बदलत नाही.

गावांची नावेही तपासा

शिरूरला लोक घोडनदी म्हणतात, जुन्या कागदांतही तसे सापडेल. दौंडचे इंग्रजी स्पेलिंग पूर्वी 'धोंड' असे वाचता येईल असे होते. रेल्वेत नोकरीला असलेल्या आजोबांच्या सर्व्हिस बुकात तेच असू शकते. आजच्या दौंड तालुक्याचा भाग पूर्वी भीमथडी तालुक्यात होता. कागदावर 'तालुका भीमथडी' दिसले तर तो दुसऱ्याचा समजून बाजूला ठेवू नका.

कुठे शोधावे?

- आजोबा, चुलत आजोबा शिकले त्या शाळेचे जनरल रजिस्टर. दाखल्याबरोबर रजिस्टरचा उताराही मागा.
- तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. गाव आणि अंदाजे साल सांगावे लागते.
- सातबारा आणि जुने फेरफार. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. वतनी जमिनीच्या फेरफारात भावकीतील हिस्सेदारांची नावे एकत्र मिळू शकतात.
- मोडी कागद असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

जुळवणी कशी करावी?

आडनावावरून नव्हे, माणसावरून जुळवा. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव, साल, जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर आणि भाऊ-बहिणींची नावे यांतल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर नोंद आपली असण्याची शक्यता मोठी. नुसते आडनाव जुळणे पुरेसे नाही. गायकवाड, शिंदे, जाधव ही आडनावे अनेक जातींत आहेत. दुसऱ्याची नोंद आपली म्हणून जोडली तर प्रकरण तपासात अडकते आणि पुढे साऱ्या भावकीला त्रास होतो.

वहीत प्रत्येक पूर्वजासाठी एक पान ठेवा. कागदावर जे आहे ते काना-मात्रेसह तसेच उतरवा. शेजारी कागदाचा प्रकार, साल आणि कार्यालय लिहा. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात 'ओहाळ व ओव्हाळ ही एकाच घराण्याची नावे' असे स्पष्ट नमूद करून दोन्ही कागद जोडा. सध्याचे नाव कायदेशीर बदलले असेल तर राजपत्राची प्रतही लावा.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या दाखल्यावर कुणाकडूनही खाडाखोड करून घेऊ नका. 'शंभर रुपयांत दुरुस्त करून देतो' म्हणणारे भेटतात. वेगळ्या आडनावाचा खुलासा करता येतो, खाडाखोडीचा करता येत नाही.

काही घरांत जुना कागद 'महार' शब्द दिसतो म्हणून फाडून टाकलेला आम्ही पाहिला आहे. ती वेदना आम्ही समजू शकतो. पण आजोबा शाळेत गेले, वतनाच्या जमिनीवर त्यांचे नाव होते, हे सांगणारा तो एकच कागद असतो. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, नावे विचारा आणि लिहून ठेवा.

जय भीम.