व्यक्तिचित्र, ओळख आणि शालेय कलाशिक्षण : सिंधुदुर्गच्या संदर्भात

प्रस्तावना

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी चौदाव्या-पंधराव्या वर्षी ‘मी कोण’ हा प्रश्न स्वतःला गंभीरपणे विचारू लागतो. याच वयात चित्रकलेच्या तासाला त्याच्यासमोर घडा, फळे आणि पुस्तके मांडलेली असतात; माणसाचा चेहरा क्वचितच येतो. असे का घडले आणि सिंधुदुर्गच्या कलापरंपरेत त्यावर काही मार्ग सापडतो का, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परीक्षेबाहेर राहिलेला चेहरा

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेवर पुढे लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव पडला. कारागिराचा हात आणि नजर घडविणे हे त्या पद्धतीचे प्रमुख ध्येय होते. शासकीय रेखाकला परीक्षांवर या विचाराचा ठसा आजही जाणवतो. वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे या परीक्षांचे विषय आहेत. स्मरणचित्रात माणसे येतात, पण ती बाजारातील वा जत्रेतील गर्दीचा भाग म्हणून. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने शिक्षकांचा वेळही साहजिकच याच विषयांना जातो. या शिक्षणाने रेषेला शिस्त दिली हे मान्य करावे लागेल. तथापि भावदर्शी व्यक्तिचित्रण शाळेबाहेरच राहिले.

सावंतवाडीचे हळदणकर

याच कलाशाळेत शिकलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडीस झाला. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था काढली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात असलेले त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र १९४५-४६ च्या सुमारास साकारले. हातातील दिव्याचा प्रकाश बोटांतून पाझरून चेहऱ्यावर पसरतो. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची कन्या गीता. घरातलेच माणूस पुरेसे जवळून न्याहाळले तर केवढे चित्र उभे राहू शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

या चित्राची दुसरी बाजूही विचार करायला लावणारी आहे. अनेक वर्षे अनेकांनी ते राजा रविवर्मा यांचे मानले. रविवर्मांचे निधन १९०६ मध्ये झाले. म्हणजे चित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी काढलेले. चित्र घरोघरी पोहोचले, पण चित्रकाराची ओळख मात्र पुसट झाली.

किनाऱ्याने पाहिलेले शिवराय

मालवणजवळील कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधविल्याचे मानले जाते. समकालीन चित्रांतील शिवराय दाढी राखलेले, तुऱ्याच्या पगडीतले आहेत. या मूर्तीला दाढी नाही आणि मस्तकावरील टोप दर्यावर्दी कोळ्याच्या टोपीची आठवण करून देतो. साम्याच्या कसोटीवर ही मूर्ती कशी ठरते, हा एक प्रश्न झाला. आपल्या राजाला किनाऱ्याने आपल्यातला म्हणून पाहिले, हे मात्र ती सांगते. व्यक्तिचित्रात चित्रविषयाबरोबर पाहणाऱ्याचीही ओळख उमटते, हे विद्यार्थ्याला समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मालवणच्या शिक्षकाला मिळणार नाही.

वर्गातील उपयोजन

दशावतारी कलावंत आपला चेहरा स्वतःच रंगवितो. त्याचे एक चित्र रंग चढण्यापूर्वी आणि एक रंग चढल्यानंतर काढावयास सांगितले, तर माणूस आणि भूमिका यांतील अंतर विद्यार्थी रेषेतून शोधू लागेल. त्यानंतर आजी, होडीवरून परतलेले वडील, मासळी विकणारी काकू आणि शेवटी आरशातील स्वतःचा चेहरा असा क्रम ठेवता येईल. प्रमाण, छायाप्रकाश आणि त्वचेचा रंग यांचे तंत्र याच ओघात शिकविता येते. सावळी कांती रंगविताना तयार ‘स्किन कलर’ची कांडी बाजूला ठेवून तांबडा, पिवळा व निळा यांचे मिश्रण करावयास लावणे, हादेखील ओळखीचाच पाठ आहे.

समारोप

परीक्षापद्धती बदलण्यास वेळ लागेल. पण वर्षातील चार तास चेहऱ्यासाठी राखणे कोणत्याही शाळेला अशक्य नाही. अशा प्रत्येक चित्राखाली ज्याचे चित्र आहे त्याचे आणि ज्याने काढले त्याचे, अशी दोन्ही नावे विद्यार्थ्याने स्वहस्ते लिहावीत. हळदणकरांच्या चित्राचा इतिहास पाहता ही सवय शाळेतच लागलेली बरी.