पोटातल्या बाळाचं हृदय : साखर, चरबी आणि हार्मोन

गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी बाळाचं हृदय धडधडू लागतं. आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे चारही कप्पे तयार होतात. तोवर पुष्कळ घरांत दिवस गेल्याची बातमी नुकतीच कळलेली असते. म्हणून हे हृदय कशावर चालतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पोटात साखर, जन्मानंतर चरबी

गर्भाशयात प्राणवायू कमी असतो. चरबी जाळायला तो जास्त लागतो, साखरेला कमी पुरतो. त्यामुळे गर्भाचं हृदय मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टेटवर चालतं. जन्मानंतर बाळ श्वास घेतं, दूध पितं. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. मग हृदय हळूहळू चरबीवर चालू लागतं आणि पुढे आयुष्यभर मुख्यतः तिच्यावरच चालतं.

निरोप देणारे हार्मोन

या बदलाची तयारी पोटातच होते. शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या रक्तात कॉर्टिसोल आणि थायरॉईड हार्मोन वाढतात. हृदयाच्या पेशी त्यांच्यामुळे पक्व होतात आणि चरबी जाळायची यंत्रणा सुरू होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ही तयारी कमी मिळते.

तिसरा हार्मोन इन्सुलिन. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. साखर जास्त आली की बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं. त्याने बाळाच्या अंगावर चरबी चढते आणि हृदयाचा मधला पडदा जाड होऊ शकतो. हा जाडपणा बहुतेक वेळा जन्मानंतर काही महिन्यांत उतरतो. पण सुरुवातीच्या आठवड्यांतच साखर जास्त असेल, तर हृदयाच्या रचनेत दोष राहण्याचा धोका वाढतो.

घरच्यांनी काय करावं?

शुगर किंवा थायरॉईड असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गोळ्या मनाने बंद करू नका. साताऱ्याचा कंदी पेढा असो की सांगलीचा गूळ, दोन्हींनी साखर वाढते. "गूळ चालतो" हा गैरसमज आहे. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी होते. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतात. आधीपासून मधुमेह असल्यास १८ ते २४ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची इको करावी का, हे विचारा. रमजानमध्ये रोजा ठेवायचा का, हेही डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. गरोदर बाईला शरीयतने सवलत दिलेली आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. तारीख आशाताईंना विचारून ठेवा. बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, धापा टाकत असेल, ओठ निळे पडत असतील, तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.