ओला आणि सुका कचरा वेगळा का ठेवायचा?
भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेलं अन्न हा ओला कचरा. कागद, प्लास्टिक, काच, धातू हा सुका. दोन्ही एकाच डब्यात टाकले, की कागद भिजतो, प्लास्टिक बरबटतं आणि भंगारवालाही ते घेत नाही. मग सगळंच कचराभूमीवर जातं. तिथे ढिगाखाली हवा न मिळाल्यामुळे ओला कचरा कुजून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर दूरवर पसरला होता.

म्हणून घरात दोन डबे ठेवा. ओल्या कचऱ्याचं खत होतं, सुका पुन्हा वापरात येतो. फुटलेली काच मात्र जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून द्या. कचरा हातानं निवडणाऱ्यांना जखम होणार नाही.