सवलतीच्या फोनाची कुळकथा

अमेरिकेतल्या वॉलमार्टमध्ये कडक प्लास्टिकच्या वेष्टणातले स्मार्टफोन खुंटीला टांगलेले असतात, चाळीस-पन्नास डॉलरचे. वेष्टणावर एखाद्या प्रीपेड कंपनीचं नाव ठळक असतं. तसलाच फोन कुठल्याही कंपनीशी न बांधलेला घ्यायला गेलं तर पुष्कळ महाग पडतो. मग व्यवहारी माणसाच्या डोक्यात साहजिकच येतं, की हाच घ्यावा आणि आपलं दुसऱ्या कंपनीचं सिम यात घालावं. न्यू जर्सीतला मराठी माणूसही याला अपवाद नाही. सुट्टीत घरी येताना आईवडिलांसाठी फोन घ्यायचा म्हटला की तोही हेच गणित मांडतो. ‘चालेल का?’ असं विचारलं तर उत्तर बहुतेकदा ‘चालेल’ असंच येतं. ‘पूर्ण चालेल का?’ असं विचारलं की ग्यानबाची मेख हाती लागते. कॉल लागतो पण इंटरनेट रांगतं. इंटरनेट पळतं पण कॉल लागत नाही. शहरात सगळं झकास, आणि गावाबाहेर पडलं की रेंज गुल. हा अर्धवटपणा नशिबाचा भाग आहे असं मला वाटत नाही. त्याच्यामागे काही पिढ्यांचा वारसा आहे.

मूळपुरुष शोधायचा तर तारेच्या फोनापर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेत एटी अँड टी म्हणजेच बेल कंपनीचं राज्य होतं तेव्हा घरातला फोन घरमालकाचा नसे. तो कंपनीचा, दरमहा भाडं भरायचं आणि त्याला बाहेरचं काहीही जोडायचं नाही. आपल्याकडच्या डाक-तार खात्याच्या काळ्या फोनाची गत वेगळी नव्हती. बेलचा अतिरेक इतका, की बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडापाशी अडकवायची ‘हश-ए-फोन’ नावाची साधी वाटी निघाली, तर तिच्यावरही कंपनीने बंदी आणली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५६ मध्ये वाटी जिंकली. त्यानंतर टेक्सासच्या टॉम कार्टरचा ‘कार्टरफोन’ आला. वायरलेस संचावर बोलणाऱ्याला टेलिफोनच्या जाळ्यावरच्या माणसाशी जोडून देणारं हे यंत्र. १९६८ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने निकाल दिला, की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपलं यंत्र खुशाल जोडावं.

निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, पण बेलने लगेच नवी अट पुढे केली: बाहेरचं यंत्र जोडायचं तर मध्ये आमचं संरक्षक उपकरण बसवा, आणि त्याचं भाडं द्या. कारण सांगितलं जाळ्याच्या सुरक्षिततेचं. कारण साफ खोटंही नव्हतं, आणि साफ खरंही नव्हतं. ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढच्या प्रत्येक पिढीत ती नव्या कपड्यांत भेटते.

युरोपात १९८२ पासून जीएसएमची आखणी सुरू झाली, आणि तिच्या पोटात एक क्रांतिकारक कल्पना होती. ग्राहकाची ओळख एका चकतीत आणि यंत्र वेगळं. पहिली सिमकार्डं १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीसाठी बनवली. नोटा छापणाऱ्या कंपनीने ग्राहकाची ओळखही छापावी हे शोभूनच दिसलं. त्याच वर्षी १ जुलैला रेडिओलिन्याच्या जाळ्यावरून फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी बोलले आणि जीएसएमचा व्यवहार सुरू झाला. सिम काढा, दुसऱ्या फोनात घाला, तोच नंबर चालू. कार्टरला जे भांडून मिळवावं लागलं ते इथे रचनेतच होतं.

मात्र फोन महाग होते आणि ग्राहक हवे होते. म्हणून कंपन्यांनी आवळा देऊन कोहळा काढण्याचा जुना मार्ग धरला: फोन स्वस्तात द्यायचा आणि करारातून वसूल करायचा. ग्राहक स्वस्त फोन घेऊन दुसरीकडे पळाला तर काय, या भीतीतून सिमलॉक जन्मला. जीएसएमच्या मानकांतच त्याला रीतसर जागा मिळाली. त्याचं काम सरळ आहे. सिमवरच्या ग्राहक-क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० आणि त्यापुढचे), नंतरचे दोन-तीन आकडे कंपनी सांगतात. फोन ते वाचतो, आपल्या पोटातल्या नोंदीशी ताडून पाहतो, आणि जुळले नाहीत तर किल्लीचा आकडा मागतो. गंमत अशी, की ज्या फिनलंडमध्ये सिम जन्मलं तिथे फोन आणि जोडणी एकत्र बांधून विकायला कायद्यानेच मनाई होती. थ्री-जीचा खप वाढावा म्हणून २००६ मध्ये ती सैल केली.

अमेरिकेत मामला आणखी गुंतला, कारण तिथे सगळ्यांनी जीएसएम घेतलं नाही. व्हेरायझन आणि स्प्रिंट क्वालकॉमच्या सीडीएमएवर गेल्या. त्यात सिमच नव्हतं. फोनाचा क्रमांक कंपनीच्या वहीत नोंदला तर फोन चालणार. आपल्याकडे रिलायन्स इन्फोकॉमने हेच केलं. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात पडलेला फोन आठवत असेल. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या मुख्यालयातून चाललेल्या त्या धडाक्याने मोबाइल रिक्षावाल्याच्या खिशात पोचला हे कबूल करायलाच हवं. तो फोन दुसऱ्या कंपनीवर चालेल का, हे तपासायची वेळच कुणावर आली नाही. उत्तर ठाऊक होतं.

कुलूप उघडण्याचा इतिहास अमेरिकेत फौजदारीच्या वाटेने गेला. प्रीपेड फोन तोट्यात विकले जात, म्हणून काही लोक ते वॉलमार्टांतून घाऊक उचलत, कुलूप काढत आणि नफ्याने विकत. ऑगस्ट २००६ मध्ये मिशिगनमधल्या कॅरो गावी तिघांना सुमारे हजार फोनांसह पकडलं. ते पॅलेस्टिनी वंशाचे होते, त्यामुळे आरोप लागला थेट दहशतवादाचा. तो टिकला नाही. फोन विकून चार पैसे मिळवायचे होते एवढंच निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथपालाने फोनाचं कुलूप काढायला डिजिटल कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. फोनाच्या कुलपाचा निवाडा ग्रंथपालाकडे का, तर कुलूप म्हणजे सॉफ्टवेअर आणि सॉफ्टवेअर म्हणजे लेखन, म्हणून. २०१२ मध्ये ही सूट नव्या फोनांसाठी काढून घेतली आणि कुलूप उघडणं पुन्हा बेकायदा ठरलं. व्हाइट हाउसकडे लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांच्या सहीने कुलूप उघडायला मुभा देणारा कायदाच झाला. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकणंच थांबवलं.

कुलुपाची गोष्ट इथे संपली असं वाटतं. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण कुलूप गेल्यावरही फोन अर्धेच चालत राहिले.

पहिला आयफोन जून २००७ मध्ये आला तो फक्त एटी अँड टीवर. दोन महिन्यांत जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या पोराने डाग देऊन, तारा जोडून त्याचं कुलूप काढलं आणि बदल्यात एक निस्सान मोटार मिळवली. सुटलेले फोन लोकांनी टी-मोबाइलवर नेले. कॉल लागत, संदेश जात, पण पुढच्या काळात थ्री-जी आयफोन आले तरी इंटरनेट मात्र टू-जीच्याच चालीने चाले. टी-मोबाइलची थ्री-जी १७०० मेगाहर्ट्झवर होती आणि आयफोनाच्या रेडिओला ती पट्टी ऐकूच येत नव्हती. टी-मोबाइलने २०१२ च्या सुमारास आपली थ्री-जी १९०० वर हलवायला घेतली तेव्हा कुठे या आयफोनवाल्यांची सुटका झाली. किल्ली कुणाकडेच नव्हती, कारण कुलूपच नव्हतं.

फोर-जीने हे पराकोटीला नेलं. लिलावात लहरींचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला बँडचा क्रमांक मिळाला. सप्टेंबर २०१२ चा आयफोन ५ घ्या. दिसायला एकच, पण ए१४२८ या मॉडेलची फोर-जी बँड ४ आणि १७ वर, तर ए१४२९ ची १, ३ आणि ५ वर. डबा तोच, रंग तोच. मागच्या बाजूला बारीक अक्षरांतला एक आकडा वेगळा. भारतात बँड ३ वर फोर-जी आली तेव्हा अमेरिकेहून हौसेने आणलेल्या ए१४२८ वाल्यांनी काय केलं असेल हे सांगायला नको. आपल्याकडचे मनीष मार्केटातले कारागीर कुलूप काढून देत, पण बँड घालून देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

बँड १२ आणि १७ ची भाऊबंदकी तर निव्वळ अमेरिकी. ७०० मेगाहर्ट्झच्या खालच्या भागात बँड १२ हा मोठा, आणि १७ हा त्याच्याच पोटातला लहान तुकडा. एटी अँड टीने १७ वाले फोन बनवून घेतले. कारण दिलं शेजारच्या टीव्ही वाहिन्यांच्या व्यत्ययाचं. उरलेल्या पट्टीचे मालक असलेल्या लहान कंपन्यांचा आक्षेप असा, की यामुळे बाजारातला कुठलाच मोठ्या खपाचा फोन आमच्या जाळ्यावर चालत नाही. जाळ्याचं रक्षण आणि धंद्याचं रक्षण यांतली सीमा बेलच्या काळाइतकीच पुसट होती. २०१३ मध्ये तडजोड झाली आणि एटी अँड टीने बँड १२ मानायचं कबूल केलं.

पुढे टी-मोबाइलने हाच बँड १२ घेतला आणि उलटाच पेच पडला. या लहरी दूर पोचतात, त्यामुळे काही भागांत टी-मोबाइलचं दुसरं जाळंच नव्हतं. फोनाला बँड १२ येतो पण फोर-जीवरून बोलणं, म्हणजे व्होल्टी, येत नाही, असा फोन तिथे जाळ्याला चिकटून बसे आणि ९११ लावायची वेळ आली की मुका होई. म्हणून २०१५ मध्ये काही स्वस्त खुल्या फोनांवरचा बँड १२ चक्क सॉफ्टवेअर-अपडेटने बंद केला गेला. विकत घेताना होता, नंतर नाही. त्यामागचं कारण मात्र मला पटतं. संकटात न लागणाऱ्या फोनापेक्षा रेंज नसलेला बरा, कारण तो निदान दुसऱ्या कंपनीचं जाळं शोधतो.

२०२२ मध्ये अमेरिकेत थ्री-जी बंद पडली तेव्हा व्होल्टी हेच दार झालं. एटी अँड टीने २२ फेब्रुवारीला आपली थ्री-जी मालवली आणि चालणाऱ्या मॉडेलांची यादी काढली. यादीत नाव नसेल तर बँड जुळोत, व्होल्टी येवो, फोन बाहेर. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये ०००, म्हणजे तिथला संकटकालीन नंबर, लावू न शकणारे फोन जाळ्यावरून काढून टाकणं कंपन्यांना बंधनकारक झालं. तपासणी होते आयएमईआयवरून, म्हणजे फोनाच्या स्वतःच्या क्रमांकावरून. *#०६# दाबलं की पंधरा आकडे येतात. पहिले आठ मॉडेल सांगतात आणि कंपनीचा संगणक तेवढ्यावरच निवाडा देतो. सीडीएमएची वही परत आली म्हणायची, फक्त आता ती सिमवाल्यांच्याही बोकांडी आहे.

त्यामुळे आज खुंटीवरचा तो फोन उचलणाऱ्याला चौकशी तुकड्या-तुकड्यांनी करावी लागते. कुलूप आहे का, आणि किती दिवस वापरल्यावर कंपनी ते काढून देते. नेमका मॉडेल क्रमांक कोणता, आणि नव्या कंपनीचे दूरवर पोचणारे बँड त्यात आहेत का. वरचे बँड शहरात वेग देतात, पण शेतावर आणि तळघरात खालचेच उपयोगी. तिसरी गोष्ट, नव्या कंपनीने या मॉडेलला व्होल्टी मंजूर केली आहे का. नुसतं सिम घालून दांडे मोजणं हे काहीच सांगत नाही. फोर-जीचं चिन्ह असताना कॉल लावावा, आणि कॉल चालू असताना ते चिन्ह टिकतं का ते पाहावं.

भारतात सिमलॉकचं फारसं प्रस्थ नव्हतं, त्यामुळे आपल्याला वाटायचं की ही अमेरिकेची भानगड आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली ती फक्त फोर-जीवर, बँड ३, ५ आणि ४० वर, आणि टू-जी थ्री-जीचा आधार मागे नव्हताच. तेव्हा ज्यांच्या फोर-जी फोनाला व्होल्टी येत नव्हती ते वेगळं अ‍ॅप घालून बोलत. पुढे १५०० रुपयांच्या अनामतीवरचा जिओफोन आला, तो दुसऱ्याचं सिम घेतच नसे. ५०१ रुपयांच्या फोनाचा हा सख्खा नातू.

फाइव्ह-जीत कुलूप नसतानाही तेच झालं. जिओने फाइव्ह-जी स्वतंत्र गाभ्यावर उभारली, तर एअरटेलने सुरुवातीला फोर-जीच्या खांद्यावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांपासून पुढे विकायला आलेल्या रेडमी ए४ फाइव्ह-जीच्या चिपला फक्त पहिला प्रकार येत होता. फोन खुला, सिम कुणाचंही घाला, कॉल लागणार, नाव फाइव्ह-जी. त्यात एअरटेलचं सिम घालणाऱ्याला मात्र तेव्हा फोर-जीच मिळत असे.